खानदेशचा हंगाम वरून कसा दिसतो

२०२३ चा ऑगस्ट खानदेशातला शेतकरी विसरलेला नाही. पेरण्या कशाबशा आटोपल्या होत्या, कपाशीला पाती, म्हणजे फुलांच्या कळ्या, लागायची वेळ झाली होती आणि पावसाने जी ओढ दिली ती महिना सरला तरी संपली नाही. देशभरात त्या महिन्यात सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी पाऊस झाला. १९०१ पासूनच्या नोंदींत इतका कोरडा ऑगस्ट दुसरा नाही. पुढे राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत खानदेशातले तीन होते: चाळीसगाव, शिंदखेडा आणि नंदुरबार. मग बांधाला बांध लागून असलेला शेजारचा तालुका का नाही? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याच्या उत्तराचा एक भाग जमिनीपासून सातशे-आठशे किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या उपग्रहांकडे असतो.

पूर्वी सगळी भिस्त पैसेवारीवर, म्हणजे नेहमीच्या पिकाच्या तुलनेत यंदा रुपयात किती पैसे पीक आलं त्या अंदाजावर असे. ती ५० पैशांच्या आत आली की टंचाईसदृश परिस्थिती. पैसेवारी आजही काढली जाते, पण केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेने पायऱ्या बदलल्या. आधी पावसाची तूट आणि तीन-चार आठवड्यांचा खंड बघायचा. मग पेरणीचं क्षेत्र, जमिनीतला ओलावा, धरणं आणि भूजल, आणि उपग्रहाने टिपलेली पिकाची अवस्था. शेवटी निवडक गावांत जाऊन प्रत्यक्ष पाहणी.

उपग्रहाला पिकाची अवस्था कळते ती उजेडावरून. हिरवं पान अन्न तयार करण्यासाठी सूर्यप्रकाशातला लाल रंग शोषून घेतं. डोळ्यांना न दिसणारा, लालच्या पलीकडचा अवरक्त प्रकाश मात्र त्याच्या कामाचा नसतो. पानाच्या आतल्या पेशींच्या रचनेमुळे तो मोठ्या प्रमाणात परत फेकला जातो. उपग्रह हे दोन्ही मोजतो. अवरक्तातून लाल वजा करायचा आणि दोन्हींच्या बेरजेने भागायचं, की वनस्पती निर्देशांक मिळतो. समजा, दाटून आलेल्या कपाशीवरून ५ टक्के लाल आणि ४५ टक्के अवरक्त प्रकाश परतला, तर निर्देशांक ०.८. नांगरून ठेवलेल्या काळ्या रानावरून १० आणि १४ टक्के परतला, तर जेमतेम ०.१७. पाण्याचा ताण बसला, पानं माना टाकू लागली, की आकडा हळूहळू उतरतो.

नुसत्या आकड्याला मात्र फारसा अर्थ नाही. ०.४ हा जुलैच्या पहिल्या आठवड्यात उत्तम असेल, सप्टेंबरात काळजीचा. म्हणून त्याच जागेची त्याच पंधरवड्यातली मागची वर्षं काढून तुलना करतात. समजा, एखाद्या महसूल मंडळात ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्याचा गेल्या वीस वर्षांतला नीचांक ०.३५ आणि उच्चांक ०.७० आहे. यंदा आकडा ०.४२ आला. म्हणजे नीचांक ते उच्चांक या अंतरातला फक्त २० टक्के पल्ला पिकाने गाठला. ही टक्केवारी ४० च्या खाली गेली की स्थिती वाईट धरतात, २० च्या खाली फार वाईट. ही पद्धत मला न्याय्य वाटते, कारण तिच्यात शिंदखेड्याची तुलना कोकणाशी होत नाही, शिंदखेड्याच्याच मागच्या हंगामांशी होते.

खानदेश या पद्धतीची कसोटी पाहतो. रावेर-यावलच्या पट्ट्यात केळी बारमाही उभी. कुठे मृगात लावलेली मृगबाग, कुठे पावसाळ्यानंतरची कांदेबाग, कुठे आधीच्या झाडाच्या पिलांवर घेतलेली पिलबाग. मोटर आणि ठिबकवर ती भर उन्हाळ्यातही हिरवी असते. बागेला लागून कोरडवाहू ज्वारी करपत असली, तरी मंडळाची सरासरी ठीकठाक निघू शकते. जुन्या उपग्रहांच्या चित्रात एक चौकोन २५० मीटरचा असे, म्हणजे सुमारे साडेपंधरा एकर. एवढ्यात आपल्याकडे चार-पाच जणांची वावरं सहज बसतात. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांचा चौकोन १० मीटरचा आहे. एकरभर शेतावर असे साधारण ४० चौकोन पडतात, त्यामुळे केळी, कपाशी आणि पडीक रान वेगळं काढता येतं. तसं ते वेगळं काढलंच पाहिजे. केळीच्या हिरवाईत कोरडवाहू शेतकऱ्याचं नुकसान बुडून जाणार असेल, तर त्या सरासरीवर निर्णय घेणं चूक आहे.

पेरणीच्या तारखेचाही घोळ होतो. ज्याच्या विहिरीला पाणी आहे तो मृगाआधीच ठिबकवर कपाशी लावतो, कोरडवाहूवाला पावसाची वाट बघतो. जुलैअखेरीस एकाची कपाशी गुडघ्याच्या वर, दुसऱ्याची नुकती चार पानांवर. वरून दुसरं शेत आजारी दिसेल, खरं तर ते फक्त उशिरा पेरलेलं असतं. मातीचंही तसंच. तापीकाठच्या भारी काळ्या जमिनीत ओल बरेच दिवस टिकते, म्हणून पाऊस थांबल्यावर निर्देशांक लगेच पडत नाही. मुरमाड, हलक्या रानात आठवड्याभरात पानं कोमेजतात. म्हणून पाऊस, तापमान, जमिनीतला ओलावा आणि हिरवाई यांचे आलेख एकाखाली एक ठेवून वाचावे लागतात. पाऊस आधी बोलतो, पीक नंतर.

मोठी अडचण ढगांची. खरिपात ज्या आठवड्यांत माहिती हवी, नेमके तेच आठवडे झाकोळलेले. यावर उपाय रडारचा. रडार उपग्रह स्वतःच सूक्ष्मलहरी सोडतो आणि परतणारा प्रतिध्वनी मोजतो. त्याला ढग आणि रात्र दोन्ही आडवे येत नाहीत. इस्रोचा ईओएस-०४ फेब्रुवारी २०२२ पासून हे काम करतो. ३० जुलै २०२५ ला इस्रो आणि नासाने मिळून सोडलेला निसार १२ दिवसांनी त्याच जागेवर परत येतो. त्याच्या लांब लहरी पानांच्या दाटीतून आत शिरतात, त्यामुळे जमिनीतल्या ओलीचा अंदाज चांगला यावा, अशी अपेक्षा आहे.

देशाच्या पातळीवर हे सगळं नवी दिल्लीच्या महालनोबिस राष्ट्रीय पीक अंदाज केंद्रात एकत्र येतं. २०१२ मध्ये सुरू झालेल्या या केंद्राला संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिसांचं नाव आहे. बंगालमध्ये तागाच्या पिकाची नमुना पाहणी त्यांनी १९३० च्या दशकातच सुरू केली होती. किती धान्य येणार, कापूस आयात करावा लागेल का, निर्यात खुली ठेवावी का, हे पीक घरात येण्याआधी ठरवायचं तर असे अंदाज लागतातच. २०११ मध्ये जी-२० देशांनी जिओग्लॅम हा उपक्रम हाती घेतला तोही धान्याच्या भडकलेल्या भावांमुळे. त्यातून दर महिन्याला जगभरच्या पिकांच्या स्थितीचा नकाशा निघतो.

पण एक गोष्ट वरून दिसत नाही, आणि कपाशीच्या मुलखात ती विसरता येत नाही. गुलाबी बोंडअळी. पाकळ्या एकमेकींना चिकटून न उमललेलं, गुलाबाच्या कळीसारखं फूल म्हणजे डोमकळी. आत अळी असते. पुढे ती बोंडात शिरते आणि आत गेल्यावर शिरल्याचं भोकही बुजून जातं. झाड हिरवंगार, निर्देशांक ०.७, आणि बोंड फोडलं तर सरकी पोखरलेली, रुई किडकी, पिवळट. २०१७ मध्ये राज्यात बोंडअळीने कहर केला. असं नुकसान पकडायला बोंडं फोडून बघणारा माणूसच लागतो. पीक विम्यात २०२३ च्या खरिपापासून भात आणि गव्हाच्या उत्पादनाचा अंदाज काढताना उपग्रहाच्या आकड्याला किमान ३० टक्के वजन दिलं जातं. कपाशीसाठी उद्या असं काही आलं, तर पीक कापणी प्रयोग, म्हणजे निवडक शेतांतलं पीक काढून केलेली मोजणी, आणि बोंडांची तपासणी कमी करून चालणार नाही, वाढवावी लागेल.

सेंटिनेलची चित्रं कोपर्निकस या युरोपच्या उपग्रह कार्यक्रमाच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात, इस्रोच्या भुवन या नकाशांच्या संकेतस्थळावरही बरंच काही आहे. आपलं शेत नकाशावर शोधा, वनस्पती निर्देशांकाचा थर निवडा आणि २०२३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरातला एखादा ढग नसलेला दिवस २०२२ च्या त्याच सुमाराच्या दिवसाशेजारी ठेवून पाहा. दोन्ही वर्षी पेरणी कधी झाली होती, तेही लिहून ठेवा.