थर्माकोलच्या पेटीतली नर कासवे : एका वादाची पार्श्वभूमी

कासवांच्या घरट्यांवर सावलीचे कापड बांधावे का, वाळूवर पाणी शिंपडावे का, यावर अलीकडे बरीच चर्चा होते. अंड्यांना किती ऊब मिळाली यावर पिल्ले नर की मादी हे ठरते; त्या उबेत माणसाने हात घालावा की नाही, हा त्यामागचा खरा प्रश्न. तो हवामानबदलाबरोबर आला, असा सर्वसाधारण समज आहे. पण त्यावरची वादावादी १९८०च्या दशकापासूनची आहे आणि तेव्हा तक्रार नेमकी उलटी होती. अंडी थंड पडत होती.

त्याआधीचे थोडक्यात. सरड्यांचे अंग हवेपाठोपाठ निमूट तापते नि निवते, ही समजूत १९४४ मध्ये डळमळली. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात थर्मामीटर लावून बसलेल्या दोघा अभ्यासकांनी दाखवून दिले की ऊन-सावलीत ये-जा करून सरडे अंगाची ऊब बऱ्यापैकी कायम राखतात. बेडकांना एवढी मुभा नसते. उन्हात बसले की ओल्या कातडीतून पाणी उडून जाते. तरी तेही निदान जागा बदलू शकतात. अंड्याला ती सोय नाही.

१९६६ मध्ये सेनेगलमधल्या डाकारहून एक छोटे टिपण प्रसिद्ध झाले. अगामा सरड्याची अंडी किती तापमानाला उबवली, यावर पिल्ले नर की मादी हे ठरते, असे त्यात म्हटले होते. सुरुवातीला ते फारसे कोणी मनावर घेतले नाही. सत्तरच्या दशकात कासवांमध्ये आणि १९८२ मध्ये अमेरिकी ॲलिगेटरमध्ये तेच आढळल्यावर विषय उभा राहिला. नियम मात्र सगळीकडे एक नाही. सागरी कासवांत उबदार वाळूत माद्या निपजतात, न्यूझीलंडच्या टुआटारा या सरड्यासारख्या प्राण्यात उबदार घरट्यात नर. मगरींत मधल्या तापमानाला नर जास्त आणि दोन्ही टोकांना माद्या. सापांत लिंग गुणसूत्रांवरच ठरते, बहुतेक उभयचरांतही तसेच.

वादाला तोंड फुटले ते केम्प्स रिडली या सागरी कासवावरून. मेक्सिकोच्या रांचो न्युएवो किनाऱ्यावर १९४७ मध्ये एका दिवसात सुमारे ४०,००० माद्या अंडी घालायला आल्याचा अंदाज एका चित्रफितीवरून बांधला गेला होता. हा आकडा पुढच्या फेरतपासणीत खाली आला, तरी १९८५ मधली अवस्था पाहता त्याने फारसा फरक पडत नाही. त्या वर्षी घरटी मोजली गेली ७०२.

दरम्यान १९७८ पासून टेक्सासच्या पाद्रे बेटावर या कासवाचे दुसरे घर वसवण्याचा प्रयत्न सुरू होता. दरवर्षी साधारण दोन हजार अंडी मेक्सिकोहून आणली जात. तिथल्या वाळूचा स्पर्शही होऊ नये म्हणून मादी अंडी घालत असतानाच ती प्लास्टिकच्या पिशवीत झेलायची, मग पाद्रेची वाळू भरलेल्या थर्माकोलच्या पेटीत ठेवायची. फुटल्यावर पिल्लांना पाद्रेच्याच किनाऱ्यावरून समुद्रात चालत जाऊ द्यायचे, लगेच जाळीने उचलायचे आणि वर्षभराच्या आसपास टाक्यांत वाढवून सोडायचे. किनाऱ्याची ओळख मनावर ठसावी, हा हेतू. वास, वाळू, लाटा, सगळ्याचा विचार झाला, तापमानाचा नाही. छपराखालच्या पेटीत वाळू उन्हाने तापत नाही, म्हणून अंडी थंड राहिली. सुरीनाममध्ये हिरव्या कासवांच्या पेट्यांतही हाच प्रकार झाल्याचे १९८२ मध्ये छापून आले होते.

चूक उशिरा कळण्याचे कारण साधे आहे: पिल्लाकडे बाहेरून पाहून नर-मादी ओळखता येत नाही. मेलेल्या पिल्लांच्या जननग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली तपासाव्या लागतात. त्या तपासल्यावर पहिल्या सात हंगामांत नरांचा भरणा दिसला. या जातीत पारडे सुमारे ३० अंश सेल्सिअसच्या आसपास फिरते: त्याखाली नर जास्त, त्यावर माद्या. मग १९८५ पासून पेट्या मुद्दाम जास्त उबदार ठेवल्या आणि माद्यांचे प्रमाण वाढले.

इथे खटका उडाला. निसर्गातले खरे प्रमाण ठाऊक नसताना हवे ते लिंग ‘बनवणे’ कितपत योग्य, असा आक्षेप आला. माद्या वाढवून अंडी वाढतील हा हिशेब भोळा आहे, असेही लिहिले गेले. आक्षेपात तथ्य होते, पण टीकाकार एक गोष्ट सोयीस्करपणे विसरत: हात तर आधीच घातला गेला होता. ७०२ घरट्यांवर आलेल्या जातीसाठी आणखी नर काढत राहणे म्हणजे तटस्थता नव्हे. अंडी आणणे १९८८ मध्ये थांबले, टाक्यांत वाढवण्याचा सरकारी प्रयोग परिणाम सिद्ध न झाल्याने १९९३ मध्ये गुंडाळला गेला. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९९६ मध्ये, त्या पेट्यांतून निघालेल्या दोन माद्या पाद्रेवर अंडी घालताना सापडल्या. घरट्यांच्या पुढच्या वाढीचे श्रेय कोणाला, हे वेगळे काढता येत नाही. कोळंबीच्या जाळ्यांत कासवांना निसटायला वाट ठेवण्याची सक्तीही त्याच काळातली.

२०१८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवरून उलट बातमी आली. उत्तरेकडच्या उबदार किनाऱ्यांवर जन्मलेल्या लहान हिरव्या कासवांत ९९ टक्क्यांहून जास्त माद्या निघाल्या. प्रौढांत त्या सुमारे ८७ टक्के होत्या. अशा घरट्यांसाठी सावली आणि पाण्याचे प्रयोग होत आहेत. वाळू जास्त भिजली तर अंडी गुदमरतात, म्हणून पाणी किती आणि कधी यावरच अर्धा वाद अडला आहे. शिवाय नर माद्यांपेक्षा लवकर लवकर विणीला येतात, त्यामुळे थोड्या नरांवरही काही काळ भागते. किती थोड्या, हा आकडा ठरवूनच कापड बांधावे असे एक बाजू म्हणते. तो कळायला कासव वयात येण्याइतकी वर्षे जातील, तोवर थांबायचे का, असे दुसरी विचारते.