चारशे किलोमीटरवरून शहराचे दिवे टिपताना

मरीन ड्राइव्हचा कंस साधारण साडेतीन किलोमीटरचा. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक त्याच्या डोक्यावरून, सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून जाताना कुणी ४०० मिलिमीटरची लेन्स लावून तो टिपला, तर कॅमेऱ्याच्या सेन्सरवर तो उमटेल जेमतेम साडेतीन मिलिमीटर. हिशेब सरळ आहे: जमिनीवरचा एक किलोमीटर सेन्सरवर एक मिलिमीटर होतो. एकेक पिक्सेल आठ-साडेआठ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) धरला, तर त्याच्या वाट्याला जमिनीचे आठेक मीटर येतात. म्हणजे कागदावर तरी रस्ता न् रस्ता सुटा दिसायला हवा.

अडचण वेगाची आहे. रात्री शटर थोडा वेळ उघडं ठेवावंच लागतं, आणि स्थानकाखालची जमीन सेकंदाला सात किलोमीटरहून जास्त वेगाने मागे पळत असते. शटर १/१५ सेकंद उघडं राहिलं, तरी तेवढ्यात शहर जवळपास अर्धा किलोमीटर सरकतं. सेन्सरवर ते अंतर पन्नासहून अधिक पिक्सेलचं, त्यामुळे दिव्याच्या ठिपक्याची रेघ होते. इथे नुसता ट्रायपॉड काय करणार? कॅमेरा शहराच्या मागोमाग वळत राहिला पाहिजे. २००२-०३ च्या मोहिमेत डॉन पेटिट या अंतराळवीराने स्थानकातले सुटे भाग आणि बॅटरीवरचा ड्रिल जोडून तसं वळणारं स्टँडच बनवलं! पुढे २०१२ मध्ये युरोपीय अंतराळ संस्थेचं ‘नाइटपॉड’ हे काम आपोआप करू लागलं.

एवढा खटाटोप कशाला, उपग्रह आहेतच की, असं कुणालाही वाटेल. पण २०११ मध्ये सोडलेल्या ‘सुओमी एनपीपी’ उपग्रहावरचा रात्रीचे दिवे टिपणारा सेन्सर रंग ओळखत नाही. त्याचा पिक्सेल सुमारे ७५० मीटरचा, आणि साधारण ५०० नॅनोमीटर तरंगलांबीखालचा निळा प्रकाश त्याला दिसतच नाही. पांढऱ्या एलईडीच्या प्रकाशाचा एक मोठा उंचवटा नेमका ४५० नॅनोमीटरच्या आसपास असतो. त्यामुळे सोडियमचे पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावलेलं शहर या उपग्रहाला आधीपेक्षा मंद दिसू शकतं, आकाश मात्र तितकंच किंवा जास्तच उजळलेलं असतं. निळा प्रकाश हवेत जास्त विखुरतो, माणसाच्या झोपेचं चक्रही तोच अधिक बिघडवतो. नेमका तोच नजरेतून सुटावा, ही गोष्ट मला फार गंभीर वाटते.

अंतराळवीराच्या हातातला साधा डीएसएलआर कॅमेरा लाल, हिरवा आणि निळा वेगवेगळा मोजतो. मिलान शहराचे २०१२ आणि २०१५ चे फोटो शेजारी ठेवले, की पिवळसर मध्यभाग पांढरा-निळसर झालेला लख्ख दिसतो, उपनगरं तेवढी पिवळी राहिलेली. बर्लिनच्या फोटोंत भिंत पडल्यानंतर दोन दशकांनीही पूर्वेकडचा भाग नारिंगी आणि पश्चिमेकडचा पांढरट दिसत होता, कारण दिव्यांचे प्रकार वेगळे. मुंबईकरांना हे नव्याने सांगायला नको. २०१५ मध्ये मरीन ड्राइव्हवर पांढरे एलईडी लागले तेव्हा केवढी ओरड झाली होती, आणि नंतर पिवळसर छटेचे दिवे बसवावे लागले.

दिव्यांच्या रंगांच्या या मोजणीसाठी फोटो रॉ स्वरूपात, म्हणजे सेन्सरने टिपला तसाच, हवा. जेपेगमध्ये कॅमेरा स्वतःच्या अंदाजाने रंग फिरवतो, मग निळ्या-हिरव्याचं गुणोत्तर काढण्यात अर्थ उरत नाही. दुसरा प्रश्न जागेचा. फोटो काढताना स्थानक कुठे होतं हे वेळेवरून कळतं, पण कॅमेरा कुठल्या बाजूला वळवला होता याची नोंद नसते. माद्रिदच्या संशोधकांनी ‘सिटीज ॲट नाइट’ उपक्रमात हे काम सामान्य लोकांपुढे ठेवलं: नद्यांची वळणं, रिंगरोड, बंदरांचे धक्के नकाशाशी ताडून शहर ओळखायचं.