चार मिनिटांच्या व्यायामाने चरबी किती जळते आणि पेशीत नक्की काय घडतं

"४ मिनिटं तबाता करा आणि पुढचे २४ तास झोपेतसुद्धा चरबी जाळत रहा" असले व्हिडिओ सारखे फॉरवर्ड होत असतात. मला वाईट याचं वाटतं की या व्यायामात जे खरंच थक्क करणारं आहे ते बाजूलाच राहतं आणि लोक भलत्याच आशेने घाम गाळत बसतात.

मुळात इझुमी तबाता या जपानी संशोधकाचा १९९६ चा प्रयोग चरबीबद्दल नव्हताच. त्यात जागेवरची सायकल २० सेकंद जीव तोडून मारायची, १० सेकंद थांबायचं, असे ७-८ फेरे होते, आणि जोर इतका की आठवा फेरा संपेपर्यंत माणूस अक्षरशः गळून जायचा. ६ आठवड्यांनी त्यांची ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता, म्हणजे व्हीओटू मॅक्स, चांगलीच वाढली, रोज तासभर मध्यम वेगाने सायकल मारणाऱ्या गटाचीही वाढली, पण ऑक्सिजनशिवाय ऊर्जा काढायची ताकद फक्त पहिल्या गटात वाढली, तीही २८ टक्क्यांनी. वजन, पोट, चरबी हा त्यांचा प्रश्नच नव्हता.

आता "आफ्टरबर्न". व्यायाम संपल्यावर शरीर काही काळ जास्त ऑक्सिजन घेतं हे खरं आहे, पण ते जादा ज्वलन व्यायामात खर्च झालेल्या ऊर्जेच्या साधारण ६ ते १५ टक्केच भरतं. म्हणजे २०० कॅलरी खर्च केल्यात तर वर १२ ते ३० मिळतील. १ किलो चरबीत अंदाजे ७७०० कॅलरी असतात, त्यामुळे ३० कॅलरी म्हणजे जेमतेम ४ ग्रॅम. आणि पोटाला प्लॅस्टिक गुंडाळून किंवा घामाचा पट्टा बांधून पळणाऱ्यांनी तर हे लक्षातच ठेवावं की घामातून चरबी जात नाही, पाणी जातं, आणि ते पाणी प्यायलं की परत येतं. चरबी जळते तेव्हा तिचा बहुतांश भाग कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडतो, १० किलोतला जवळपास ८.४ किलो.

मग चरबी कमी होतच नाही का? होते, पण मध्यम व्यायामाने होते साधारण तितकीच. २०१७ च्या एका एकत्रित विश्लेषणात दोन्ही प्रकारांनी घट सारखीच दिसली, फक्त इंटरव्हल, म्हणजे थांबत थांबत जोराचे फेरे, करणाऱ्यांना वेळ सुमारे ४० टक्के कमी लागला. वजनाचा मोठा हिशेब शेवटी खाण्यातच होतो.

आता माझ्या आवडीच्या जागेवर येतो. स्नायू आकुंचन पावायला एटीपी, म्हणजे तीन फॉस्फेट असलेला पेशीचा ऊर्जा देणारा रेणू, लागतं, त्याचा एक फॉस्फेट तुटतो, ऊर्जा मिळते आणि उरतो एडीपी. स्नायूत एटीपीचा साठा इतका तुटपुंजा असतो की जोरात पळताना तो दोन-तीन सेकंदच पुरेल, म्हणून क्रिएटिन फॉस्फेट नावाचा राखीव साठा लगेच आपला फॉस्फेट एडीपीला देऊन एटीपी परत बनवतो. पण पूर्ण जोर लावला तर तोही दहा-एक सेकंदात बराच खाली जातो, आणि अर्धाअधिक भरून यायला सुमारे अर्धा मिनिट विश्रांती लागते. म्हणूनच १० सेकंदांची विश्रांती इतकी क्रूर वाटते, साठा भरायच्या आधीच पुढचा फेरा सुरू.

आता एडीपी साचायला लागतो, आणि पेशी एक युक्ती करते: दोन एडीपी एकत्र आणून त्यातून एक एटीपी बनवते आणि मागे एकच फॉस्फेट उरलेला एक एएमपी ठेवते. गंमत या गणितात आहे. दोन एडीपी लागतात म्हणून एएमपीचं प्रमाण एडीपीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतं, म्हणजे एडीपी दुप्पट झाला की एएमपी साधारण चौपट, एडीपी तिप्पट तर एएमपी नऊपट! एटीपी स्वतः फारसा घटत नाही, पेशी ते होऊच देत नाही, पण त्या छोट्याशा घटीची बातमी एएमपीच्या रूपात कित्येक पटींनी मोठी होऊन फिरते. ती बातमी वाचणारं एन्झाइम म्हणजे एएमपीके. एएमपी त्याला चिकटला की ते जागं होतं, ऊर्जा खाणारी दुसरी कामं थांबवतं आणि पीजीसी-१ अल्फा या प्रथिनाला कामाला लावतं. मग पुढच्या काही तासांत नवीन मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे ऑक्सिजन वापरून एटीपी बनवणारे पेशीतले कारखाने, बनवायचे केंद्रकातले जीन्स जास्त वाचले जातात. हळू चालताना एडीपी फारसा साचतच नाही म्हणून हा संकेत तेवढा उठत नाही, तोच मार्ग मग लांब वेळ चालून, कॅल्शियमच्या संकेतांनी वगैरे गाठावा लागतो. तीव्रता वेळेची जागा का घेऊ शकते याचं बरंचसं उत्तर मला या वर्गाच्या गणितात दिसतं.

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात मार्टिन गिबाला यांच्या गटाने २०१६ मध्ये हे बैठं काम करणाऱ्या पुरुषांवर तपासलं. एका गटाने एका बैठकीत २० सेकंदांचे फक्त ३ स्प्रिंट केले, वॉर्मअप आणि मधली हलकी सायकल धरून १० मिनिटं, दुसऱ्या गटाने ४५ मिनिटं सलग. १२ आठवड्यांनी दोघांचीही ऑक्सिजन क्षमता सुमारे १९ टक्क्यांनी वाढली, मायटोकॉन्ड्रियाही दोघांचे वाढले.

हृदयासाठी मात्र जरा लांब फेरे जास्त अभ्यासले गेलेत. नॉर्वेतली ४ बाय ४ पद्धत अशी: ४ मिनिटं कमाल ठोक्यांच्या ९० ते ९५ टक्क्यांवर, मग ३ मिनिटं हलकं, असं चारदा. यात एका ठोक्यात हृदय बाहेर टाकतं ते रक्त वाढतं, २००७ च्या अभ्यासात ते सुमारे १० टक्के वाढलं होतं. कमाल ठोके काढायला २२० वजा वय हे सूत्र सगळे वापरतात, पण ते १०-१२ ठोक्यांनी सहज चुकतं, त्यामुळे घड्याळाच्या आकड्यावर जीव टाकू नका. दोन-चार शब्दांच्या पुढे वाक्य बोलता येत नाही एवढी धाप लागली की जोर पुरेसा आहे.

धोक्याचं म्हणाल तर नॉर्वेतच ४,८४६ हृदयरुग्णांची देखरेखीखालच्या व्यायामाची नोंद २०१२ मध्ये आली. मध्यम व्यायामाच्या १,२९,४५६ तासांत एक मृत्यू आणि तीव्र व्यायामाच्या ४६,३६४ तासांत दोनदा हृदय थांबलं, दोघंही वाचले. म्हणजे धोका कमी आहे पण शून्य नाही, आणि हे सगळे तपासणी होऊन देखरेखीखाली होते. तेव्हा छातीत दुखणं, हृदयविकार, आटोक्यात नसलेलं बीपी किंवा मधुमेह असेल, किंवा बरीच वर्षं काहीच हालचाल नसेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा, काही आठवडे भरभर चालण्याची सवय करा, मग आठवड्यातून एक-दोनदा चढावर किंवा जिन्यावर एखाद मिनिटाचे फेरे घ्या. दोन तीव्र दिवसांत एक दिवस तरी मोकळा ठेवा.