घरी सिंथेसायझर बांधताना : पाच बोर्डांच्या संचासोबतचे माहितीपत्रक

तुमच्या हाती आलेल्या पुडक्यात पाच कोऱ्या पीसीबी (भाग बसवायच्या छापील पाट्या) आहेत : पॉवर (वीजपुरवठा), ऑसिलेटर (सूर निर्माण करणारा), फिल्टर (आवाजाचा पोत बदलणारा), व्हीसीए (आवाज लहान-मोठा करणारा) आणि एन्व्हलप (प्रत्येक स्वराचा चढ-उतार ठरवणारा). सोबत एएस ३३४० ही ऑसिलेटरची एक आयसी (चिप) आणि सुट्या भागांची छापील यादी आहे. बाकीचे सामान पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळते. सोल्डरिंग पूर्वी केलेले असेल, तर तीन-चार सुट्ट्यांचे काम आहे.

असे वाद्य वाजते करणे फारसे अवघड नाही, ते सुरात ठेवणे अवघड आहे. सूर टिकणार की नाही हे पॉवर आणि ऑसिलेटर या दोन बोर्डांवर ठरते, म्हणून या पत्रकाचा बराचसा भाग त्यांच्यासाठीच आहे. घाई करायचीच असेल तर फिल्टरवर करा, या दोघांवर नको.

सामान घेताना

रेझिस्टर १ टक्क्याचे, मेटल फिल्म, पाव वॅटचे घ्या. यांच्यावर पाच पट्टे असतात आणि ते उलटे वाचले जाण्याची भीती फार. १ के (१००० ओहम) चे पट्टे तपकिरी-काळा-काळा-तपकिरी-तपकिरी असे आहेत. तोच रेझिस्टर उलटा धरून वाचला की ११० ओहम होतो. १० के उलटा वाचला तर १२० ओहम, १०० के उलटा वाचला तर १३० ओहम. दुकानातल्या दिव्याखाली तपकिरी आणि लाल यांतला फरकही कळत नाही. म्हणून प्रत्येक रेझिस्टर बसवण्याआधी मल्टिमीटरवर मोजा. सगळे मोजायला अर्धा तास लागतो. चुकीचा रेझिस्टर नंतर शोधायला आख्खा रविवार जातो.

ऑसिलेटरचा १ नॅनोफॅरडचा टायमिंग कपॅसिटर मात्र मिळेल तो घेऊ नका. काउंटरवर ‘१०२’ मागितला की पिवळसर सिरॅमिक डिस्क पुढे येते. तिची किंमत तापमानाबरोबर सरकते आणि सूरही तिच्यामागे सरकतो. सी-झीरो-जी (एनपी-झीरो असेही लिहितात) किंवा पॉलिस्टायरीन असे स्पष्ट सांगून मागा. पॉलिस्टायरीन उष्णतेने वितळतो. त्याचा पाय चिमट्याने धरून, दोन सेकंदांत सोल्डर उरका.

एन्व्हलपसाठी आयसीएम ७५५५ घ्या, साधी एनई ५५५ नको. पायांची रचना एकच आहे आणि साधी ५५५ चालेलही. पण तिचे आउटपुट बदलताना ती क्षणभर सप्लायमधून मोठा करंट ओढते. त्याची टिकटिक मग आवाजात ऐकू येते.

पॉवर बोर्ड

ट्रान्सफॉर्मर १५-०-१५, १ अँपिअरचा घ्या. १२-०-१२ स्वस्त पडतो, पण गावाकडे संध्याकाळी लाइन १८० व्होल्टवर उतरली की रेग्युलेटरला पुरेसे व्होल्टेज उरत नाही आणि स्पीकरमधून १०० हर्ट्झची गुणगुण सुरू होते. १५-०-१५ मधून २३० व्होल्टला सुमारे २० व्होल्ट डीसी मिळते, १८० ला सुमारे १६. ७८१२ या रेग्युलेटरला निदान १४ व्होल्ट हवे असतात, म्हणजे दोन्ही वेळी काम भागते. फिल्टर कपॅसिटर २२०० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्टचे, दोन. प्रायमरीला २५० मिलिअँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज बसवा. अर्थिंगची तार धातूच्या पेटीला स्क्रूने घट्ट आवळा.

७८१२ (धन १२ व्होल्टचा रेग्युलेटर) आणि ७९१२ (उणे १२ व्होल्टचा) दिसायला जुळी भावंडे, पण पायांचा क्रम वेगळा आहे. छापील बाजू आपल्याकडे धरली तर ७८१२ चे पाय डावीकडून इनपुट, ग्राउंड, आउटपुट असे येतात. ७९१२ चे ग्राउंड, इनपुट, आउटपुट. ७८१२ ची पत्र्याची पाठ ग्राउंडला जोडलेली असते, ७९१२ ची पाठ मात्र थेट उणे इनपुटला. दोन्ही एकाच हीटसिंकवर नुसते आवळले की उणे बाजू शॉर्ट होते. ७९१२ खाली अभ्रकाची चकती आणि स्क्रूला प्लास्टिकचे बुश घाला. मग ७९१२ ची पाठ आणि हीटसिंक यांच्यात मल्टिमीटरचा बझर वाजत नाही ना, हे बघूनच पुढे जा.

पहिल्यांदा चालू करताना सिरीज बोर्डवर (वीज बल्बमधून पुढे नेणाऱ्या पाटीवर) ४० वॅटचा पिवळा बल्ब लावा. बल्ब क्षणभर लुकलुकून विझला तर ठीक. पेटलेलाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करा. मग दोन्ही आउटपुट मोजा : ११.५ ते १२.५ आणि -११.५ ते -१२.५ व्होल्ट. यापलीकडे काही दिसले तर दुसरा कुठलाही बोर्ड जोडू नका. २३० व्होल्टची बाजू उघडी असताना एक हात खिशात ठेवण्याची सवय लावून घ्या. हे काम पूर्वी केले नसेल, तर तेवढा भाग जाणकाराकडून करून घ्या.

रिबन केबलची लाल कड युरोरॅकच्या (मॉड्युलर सिंथेसायझरच्या एका प्रचलित पद्धतीच्या) रिवाजाप्रमाणे उणे १२ व्होल्टकडे येते. बोर्डवर तिथे जाड पांढरी रेघ छापली आहे. केबल उलटी बसली तरी आयसी जळू नयेत म्हणून दोन्ही रेलवर (धन आणि उणे पुरवठ्याच्या वाटांवर) १एन ५८१९ डायोड आहेत. त्यांच्यात ०.३ व्होल्ट पडतात, म्हणून बोर्डांवर १२ ऐवजी ११.७ दिसेल. तो दोष समजू नका.

ऑसिलेटर बोर्ड

एएस ३३४० लॅटव्हियातील रिगा शहरात बनते. डग कर्टिस यांनी घडवलेल्या सीईएम ३३४० या आयसीची ती नवी आवृत्ती. तिला सोळा पायांचे सॉकेट वापरा आणि आयसी सगळ्यात शेवटी बसवा.

आधी रिकाम्या सॉकेटमध्ये मोजा. १६ नंबरच्या पायावर ११.७ व्होल्ट, १२ नंबरवर शून्य, ३ नंबरवर -११.७. वीज बंद करून आयसी बसवा, पुन्हा चालू करा आणि ३ नंबर मोजा. आता तो -६ ते -७ च्या दरम्यान यायला हवा, कारण आयसीच्या आत झेनर आहे आणि ६८० ओहमचा रेझिस्टर उरलेले व्होल्टेज स्वतःवर घेतो. -११.७ च राहिले तर आयसीचा एखादा पाय सॉकेटबाहेर दुमडला आहे. त्या जागी चुकून ६८ ओहम लागला असेल तर आयसीला सुमारे ७५ मिलिअँपिअर झेलावे लागतील आणि बोट टेकवणार नाही इतकी ती तापेल.

ऑसिलोस्कोप नसला तरी अडत नाही. मल्टिमीटर डीसीवर ठेवून ८ नंबरचा पाय मोजा. करवती लहर शून्य ते ७.८ व्होल्ट अशी चढते, म्हणून सरासरी ३.९ च्या आसपास दिसते. १० नंबरवरची त्रिकोणी लहर ३.९ पर्यंतच जाते, तिथे २ च्या जवळ आकडा येईल. दोन्ही बरोबर आले की ऑसिलेटर चालतो आहे. शून्य किंवा पूर्ण ११.७ दिसले तर तो थांबला आहे. बहुतेक वेळा टायमिंग कपॅसिटरचा सोल्डर सुटा असतो.

आता स्वच्छतेबद्दल. हा भाग कृपया टाळू नका. १५ नंबरच्या पायावर कीबोर्डकडून येणारे व्होल्टेज १०० के मधून पोचते, म्हणजे एका सप्तकाला १० मायक्रोअँपिअर. तिथे बाहेरून ०.१ मायक्रोअँपिअर जरी शिरला तरी सूर १२ सेंट चढतो (एक सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग). शेजारचाच १६ नंबरचा पाय ११.७ व्होल्टवर आहे. दोघांमध्ये अडीच मिलिमीटर जागा, आणि तिथे सोल्डरिंगनंतरचा फ्लक्सचा (सोल्डरमधल्या राळेसारख्या द्रव्याचा) चिकट, पिवळा थर पसरलेला असतो. मे महिन्यात तो कोरडा असतो आणि सगळे छान वाजते. जूनमध्ये, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, तोच थर ओल धरतो आणि सूर दिवसभर हलत राहतो. असे झाले की माणूस आयसी बदलतो, ट्रिमर (स्क्रूने फिरवायचा छोटा नियंत्रक) बदलतो आणि कंटाळतो. जुना टूथब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन बोर्डची खालची बाजू दोनदा घासा. अल्कोहोल वाळायच्या आत सुती कापडाने टिपून घ्या, नाहीतर विरघळलेला फ्लक्स तिथेच पसरून बसतो.

सूर जुळवणे

आमचा ऑसिलेटर एका व्होल्टला एक सप्तक या हिशेबाने चालतो. आर्टुरिया की-स्टेपसारखा सीव्ही आउटपुट (स्वरानुसार व्होल्टेज देणारे) असलेला कीबोर्ड चालेल. जुन्या कॉर्ग एमएस-२० चा हिशेब व्होल्टला हर्ट्झ असा वेगळा आहे, तो याला जुळत नाही.

एक अर्धस्वर (सप्तकाचा बारावा भाग) म्हणजे ८३.३ मिलिव्होल्ट, एक सेंट म्हणजे ०.८३. साधा मल्टिमीटर २० व्होल्टच्या रेंजवर १० मिलिव्होल्टपेक्षा बारीक दाखवत नाही, म्हणजे १२ सेंटांची चूक त्याला दिसतच नाही. त्यामुळे सूर व्होल्टेज मोजून लावू नका. फोनवरच्या ट्यूनर ॲपमध्ये हर्ट्झ बघून लावा.

पेटी बंद करून वीस मिनिटे चालू ठेवा. छताचा पंखा बंद करा, वाऱ्याच्या झोताने आयसी थंड होते आणि आकडा सरकतो. मग :

१. कीबोर्डवर ११० हर्ट्झचा ‘ए’ दाबा आणि मोठ्या नॉबने बरोबर ११० आणा.
२. दोन सप्तके वरचा ‘ए’ दाबा. ४४० यायला हवे. ४४६ आले तर दोन सप्तकांचे अंतर मिळून सुमारे २३ सेंटांनी ताणले गेले आहे. ‘स्केल’ ट्रिमर थोडा कमी करा. ४३५ आले तर वाढवा.
३. ट्रिमर फिरवला की खालचा ११० सुद्धा हलतो. पुन्हा पहिल्या पायरीवर या. अशा पाच-सहा फेऱ्या लागतातच.
४. दोन्ही जुळल्यावर ३५२० हर्ट्झचा ‘ए’ तपासा. तो ३५०० च्या आसपास उतरलेला असेल तर ‘एचएफ’ (वरच्या स्वरांचा) ट्रिमर वाढवा, ‘स्केल’ला हात लावू नका. मग ११० आणि ४४० पुन्हा एकदा बघा.

कान तयार असलेल्यांसाठी एक सूचना. तानपुऱ्याच्या ॲपसोबत षड्ज लावणे उत्तम, लहरी थांबल्या की सूर मिळाला. पण गंधारावरून ‘स्केल’ तपासू नका. कीबोर्डचा गंधार तानपुऱ्यातल्या स्वयंभू गंधारापेक्षा १४ सेंट चढाच असतो. ट्रिमर फिरवून तो खाली आणलात तर वरचा षड्ज बिघडेल.

फिल्टर, व्हीसीए, एन्व्हलप

फिल्टर आणि व्हीसीए दोन्ही एलएम १३७०० वर आहेत. ११ नंबर धन, ६ नंबर ऋण. फिल्टरचे दोन्ही १ नॅनोफॅरड जुळते घ्या. व्हीसीएच्या इनपुटला १०० के आणि २२० ओहमची जोडी आहे. तिथे २२० ऐवजी २.२ के लागला तर आवाज मोठा पण फाटका येतो. व्हीसीएचा ट्रिमर लावताना ऑसिलेटर काढून ठेवा, एन्व्हलपचा अटॅक (आवाज चढायला लागणारा वेळ) शून्यावर ठेवून एकच पट्टी वारंवार दाबा आणि ‘टक्’ असा ठोका सर्वांत बारीक होईल तिथे थांबा. एन्व्हलपचा ४.७ मायक्रोफॅरड उलटा बसू देऊ नका. १ एम (दहा लाख ओहम) च्या पॉटने (नॉबने) अटॅक पाच सेकंदांपर्यंत लांबतो.

बोर्ड आमच्याकडे पाठवण्यापूर्वी

बोर्डच्या दोन्ही बाजूंचे फोटो दिवसाच्या उजेडात काढा. दोन्ही रेलचे व्होल्टेज आणि एएस ३३४० च्या ३, ८ व १० नंबरच्या पायांवरचे आकडे कागदावर लिहा आणि तो कागद बोर्डसोबत ठेवा. पुष्कळदा त्या पाच आकड्यांवरूनच दोष सांगता येतो आणि बोर्ड पाठवावाच लागत नाही. पाठवायचाच झाला तर आयसी सॉकेटमधून काढा, अँटिस्टॅटिक फोममध्ये टोचा आणि ट्रान्सफॉर्मर घरीच ठेवा.