स्पीच थेरपी म्हणजे फक्त 'नीट बोल' शिकवणं? नाही हो

"स्पीच थेरपीची डिग्री म्हणजे सोपा कोर्स, बोबड्या मुलांना र आणि ळ म्हणायला शिकवायचं, बास" हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. असं वाटणं साहजिक आहे, कारण नावातच स्पीच आहे आणि बाहेरून तेवढंच दिसतं.

आता एक करून बघा. गळ्यावर, कंठमण्यापाशी बोट ठेवा आणि आवंढा गिळा. बोटाखाली काहीतरी वर सरकून परत खाली आलं ना? ते स्वरयंत्र. तेवढ्या क्षणात श्वास थांबतो, श्वासनलिकेचं तोंड बंद होतं आणि घास अन्ननलिकेत जातो. स्ट्रोकनंतर हे टायमिंग बिघडलं की पाणीसुद्धा फुफ्फुसात जाऊ शकतं, आणि ते तपासून सावरणं हेही स्पीच थेरपिस्टचंच काम (हे ऐकून बरेच जण चाट पडतात). म्हणून कोर्समध्ये शरीररचना, मेंदू आणि नसा, ध्वनिशास्त्र, भाषाशास्त्र, मानसशास्त्र असं सगळं असतं, वर अनुभवी थेरपिस्टच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष पेशंटबरोबरचे तास भरावे लागतात ते वेगळेच.

शिवाय स्पीच आणि लँग्वेज हे दोन वेगळे. एखाद्याचे उच्चार अगदी स्वच्छ असतात पण 'चमचा' म्हणायचं असताना तोंडातून 'खुर्ची' येतं, तिथे जीभ ठणठणीत असते, अडचण मेंदूत शब्द सापडण्याची असते.

खात्री करायची तर कुठल्याही युनिव्हर्सिटीच्या साइटवरून या डिग्रीचा सिलॅबस उघडा आणि नुसती विषयांची नावं वाचा, दोन मिनिटं लागतात.