निवेदन (लोकप्रतिनिधींना)

आमदार, खासदार किंवा मंत्र्यांपुढे सार्वजनिक मागणी लेखी मांडण्याची महाराष्ट्रातील रूढ पद्धत. अर्ज एकट्याच्या कामासाठी असतो, जसे रेशनकार्डात नाव घालणे. निवेदन नियम बदलून मागते. व्यवहारात ही सीमा पुसट असते. चाळीस सह्यांच्या कागदात मागणी एकाच्याच दाखल्याची निघते, असे पुष्कळदा घडते.

साचा ठरलेला आहे: ‘प्रति, मा. आमदार साहेब’, खाली ‘विषय’, मग ‘उपरोक्त विषयास अनुसरून’, शेवटी सह्या आणि अंगठे, आणि तळाशी ‘प्रत माहितीस्तव : मा. तहसीलदार’. कागद दोन प्रतींत नेतात. एक कार्यालयात राहते, दुसरीवर आवक शिक्का आणि तारीख घेतात, हीच पोच. निवेदन देतानाचा फोटो स्थानिक दैनिकात छापून येतो, पण सहा महिन्यांनी पाठपुराव्याला पोचच लागते.

गरिबीविषयीच्या निवेदनांतील एक जुनी मागणी म्हणजे निराधारांना दरमहा अर्थसाहाय्य देणाऱ्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेची उत्पन्नमर्यादा वाढवण्याची. सर्वसाधारण लाभार्थ्यांसाठी ही मर्यादा वर्षाला २१,००० रुपये कुटुंबाची धरली जाते, म्हणजे अख्ख्या घराचे दिवसाचे ५८ रुपयेही नाहीत. धुणीभांडी करणारी विधवाही त्यात बसत नाही. अशा निवेदनावर प्रतिनिधी बहुधा ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ असा शेरा मारून ते तहसीलदारांकडे पाठवतात, आणि कागद तिथेच थांबतो. मर्यादा ठरते मंत्रालयात, शासन निर्णयाने. तहसीलदार तिला हात लावू शकत नाहीत. म्हणून जाणकार कार्यकर्ते शेरा मागत नाहीत. ‘येत्या अधिवेशनात तारांकित प्रश्न विचारावा’ किंवा ‘लक्षवेधी मांडावी’ असे नेमके लिहितात. तारांकित प्रश्नाला मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावे लागते; लक्षवेधी म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणारी सूचना.

गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी केंद्राच्या वा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे तेथे वापरात असलेल्या भाषेत निवेदन देण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद ३५० मध्ये आहे. मराठीत लिहिले म्हणून कागद परत करता येत नाही. थेट सभागृहाकडे जाण्याची वाटही आहे. राज्य विधिमंडळात विनंती अर्ज समिती असते. लोकसभेत अशा अर्जावर एखाद्या सदस्याची प्रतिस्वाक्षरी लागते, त्यामुळे अखेर खासदाराचे दार चुकत नाही.

महाराष्ट्रात गरिबीविरोधी धोरणाला लोकप्रतिनिधीच्या पुढाकाराने वळण मिळाल्याचे ठळक उदाहरण म्हणजे रोजगार हमी, म्हणजे मागेल त्याला काम देण्याची योजना. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ही कल्पना मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्याकडे लावून धरली. तासगाव तालुक्यातील विसापूरला प्रयोग झाला, १९७२ च्या दुष्काळात योजना राज्यभर पसरली, आणि १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. पुढे विधिमंडळाची रोजगार हमी समिती जिल्ह्यांत दौऱ्यावर निघाली की मजूर संघटना थकलेल्या मजुरीचे कागद घेऊन विश्रामगृहाबाहेर थांबत.

लेखी मागणीचा हाच मार्ग उपरोधानेही वापरला गेला आहे. २०१६ साली झारखंडमध्ये मनरेगाची, म्हणजे केंद्राच्या ग्रामीण रोजगार हमीची, मजुरी दिवसाला १६२ वरून १६७ रुपये झाली, तेव्हा लातेहार जिल्ह्यातील मनिका येथील मजुरांनी पंतप्रधानांना पत्रे लिहून सोबत वाढीचे पाच-पाच रुपये परत पाठवले. पुढच्या वर्षी वाढ झाली ती एका रुपयाची.