मनातले मांडे आणि मेंदू

दिवास्वप्नाबद्दल मराठीने फारसे चांगले बोललेले नाही. मनातल्या मनात मांडे खाणे, हवेत इमले बांधणे, तंद्री लागणे या साऱ्यांत रिकामपणाचा आरोप आहे. मेंदूविषयीचा समजही बराच काळ असाच होता: समोर काम नसेल, तर मेंदू विसावतो.

सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील मार्कस रेकल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली या समजाला धक्का दिला. माणूस नुसता पडून असताना मेंदूचे काही भाग अधिक कार्यरत असतात आणि नेमून दिलेले काम सुरू होताच त्यांची हालचाल मंदावते, असे त्यांनी दाखवून दिले. ‘डिफॉल्ट मोड नेटवर्क’ या नावाने आज ओळखले जाणारे हे जाळे जुन्या आठवणी काढताना, उद्याचे बेत रचताना आणि दुसऱ्याच्या मनात काय चालले असेल याचा अंदाज बांधतानाही जागे होते. दिवास्वप्नांचा मालमसालाही नेमका हाच असतो.

तरीही बदनामी थांबली नाही. २०१० साली हार्वर्डमधील मॅथ्यू किलिंग्जवर्थ व डॅनियल गिल्बर्ट यांनी २,२५० प्रौढांना आयफोनवरून अवेळी गाठून ‘आत्ता काय करत आहात, मन कुठे आहे आणि कसे वाटते आहे’ असे विचारले. सुमारे ४७ टक्के वेळा मन हातच्या कामावर नव्हते आणि भटकलेल्या मनाची माणसे तुलनेने कमी आनंदी होती. हा निष्कर्ष सरसकट दिवास्वप्नांच्या माथी मारला जातो, ते मला पटत नाही. मन सुखद विषयाकडे वळले असेल, तर आनंदात घट दिसली नव्हती. तो वाढलाही नव्हता, हेही सांगायला हवे. कर्जाच्या हप्त्याची काळजी आणि गावाकडे बांधायच्या घराचे मनातले चित्र यांना एकाच मापाने मोजण्यात अर्थ नाही. मानसशास्त्रज्ञ जेरोम सिंगर यांनी दिवास्वप्नांच्या तऱ्हा फार पूर्वीच वेगळ्या केल्या होत्या: रचनात्मक व सुखद, अपराधभाव वा भीतीने ग्रासलेल्या, आणि लक्ष एका जागी ठरत नसल्यामुळे विस्कळीत झालेल्या.

नुसते विचार करत बसणे कसे वाटेल, याचा आपला स्वतःचा अंदाज तर याहून चुकीचा ठरतो. व्हर्जिनिया विद्यापीठातील टिमोथी विल्सन यांच्या २०१४ सालच्या प्रयोगात पंधरा मिनिटे एकट्याने विचार करत बसण्यापेक्षा १८ पैकी १२ पुरुषांनी आणि २४ पैकी ६ स्त्रियांनी स्वतःला विजेचा सौम्य झटका देऊन पाहिला. यावरून स्वतःच्या मनाची सोबत माणसाला असह्य असते, असे कोणी म्हणेल. परंतु २०२२ साली आया हातानो, कोउ मुरायामा व सहकाऱ्यांनी लोकांना फोन वा पुस्तकाशिवाय नुसते बसवण्यापूर्वी ‘हे कितपत आवडेल’ असे विचारले आणि नंतर प्रत्यक्ष अनुभव नोंदवून घेतला, तेव्हा तो अंदाजापेक्षा बरा निघाला. फार रमलो असे त्यांनीही म्हटले नाही. मात्र इंटरनेटवर बातम्या वाचण्यात अधिक मजा येईल अशी जी अपेक्षा होती, ती खरी ठरली नाही: दोन्हींतला आनंद जवळपास सारखाच भरला.